पुण्याला न जाण्यासाठी एक मांजर

मला मांजरं आवडत नाहीत. आधीही आवडत नव्हती, आता घरात एक आहे तरी आवडत नाहीत, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगते. मुलगा मला पुण्याला न्यायच्या गोष्टी करत होता आणि मला जायचं नव्हतं, म्हणून मी मांजर आणली. गोष्ट एवढी साधी आहे, पण लोकांना ती साधी ठेवायची नसते. ‘मिस्टर गेल्यापासून घर खायला उठत असेल, नाही?’ असं मान वाकडी करून विचारणाऱ्या बायकांना मी आता उत्तरच देत नाही. घर मला कधी खायला उठलं नाही. वसईतलं हे तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर मला पायातल्या जुन्या चपलेसारखं बसलं आहे. सकाळी दारावर पालेभाजीवाली येते, तिच्याशी भांडते. दुपारी झोपते. संध्याकाळी तळ्याभोवती चक्कर मारते आणि ज्यांच्याशी बोलायचं नाही त्यांच्याशी बोलत नाही. यापेक्षा जास्त सुख कशाला म्हणतात मला माहीत नाही.

पण दर रविवारी सकाळी फोनवर मुलगा दिसायचा. शेजारी सून, मागे सोफ्यावर उड्या मारणारा नातू. तब्येत, पाऊसपाणी, कामवाली, सगळं बोलून झालं की तो म्हणायचा, ‘आई, तू आता इथेच ये. तिथे एकटी काय करतेस?’ आणि सून लगेच, ‘हो ना आई, तुमची खोली तयार आहे.’

ती खोली मला ठाऊक होती. मागच्या वर्षी महिनाभर तिथे राहून आले होते. चौदाव्या मजल्यावर, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि कुणीही चालवत नसलेली व्यायामाची सायकल यांच्या मध्ये माझी कॉट. पोळ्या करायला उठले की ‘आई, तुम्ही बसा हो’. बसले की ‘आई, तुम्ही जरा खाली चक्कर का मारून येत नाही?’ खाली बागेत बाकांवर माझ्यासारख्याच दहाबारा जणी आणून बसवलेल्या होत्या. कोणी नागपूरची, कोणी सांगलीची. सगळ्या एकच वाक्य म्हणायच्या, ‘आमचा सोडतच नाही हो मला.’ मुलाने धरून ठेवलं याची फुशारकी काय मारायची? खुंट्याला बांधलेली म्हैससुद्धा तेवढी फुशारकी मारत नाही.

आता कुणी म्हणेल, सरळ नाही म्हणून सांगायचं. ज्यांच्या घरात सरळ बोलतात त्यांनी जरूर सांगावं. आमच्याकडे ‘नाही’ हा शब्द फक्त भाजीवालीला वापरतात. घरच्या माणसांना कारण द्यावं लागतं, आणि कारण असं हवं की ज्यात कुणाचाच दोष निघत नाही. मी आजवर बरीच कारणं दिली. डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्या डोळ्याचं. पेन्शनचा हयातीचा दाखला. ह्यांचं वर्षश्राद्ध. सोसायटीच्या गच्चीचं काम, जे तीन महिन्यांत संपायचं होतं आणि कंत्राटदाराच्या कृपेने वर्षभर चाललं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कंत्राटदाराला मी मनापासून आशीर्वाद दिले. पण गच्चीसुद्धा शेवटी झाली. दिवाळी उलटली तेव्हा माझ्याकडे एकही कारण शिल्लक नव्हतं.

तेव्हाच एका रविवारी सून नाक पुसत फोनवर आली. म्हणाली, शेजारच्यांनी मांजर आणलंय, नुसती त्यांच्या दारावरून गेले तरी शिंका थांबत नाहीत. मी म्हटलं, ‘अगंबाई, असं का?’ आणि फोन ठेवल्यावर स्वतःसाठी दुसरा चहा टाकला.

मांजर आणायचं ठरवलं आणि समोरच्या विंगमधल्या एका बाईंना विचारायची चूक केली. त्यांच्याकडे पांढऱ्या झिपऱ्यांचं, चपट्या नाकाचं एक मांजर आहे. त्याला त्या ‘बाळ’ म्हणतात. बाळाचा वाढदिवस होतो, बाळाला टोपी घालतात, संध्याकाळी बाळ ढकलगाडीतून फिरायला निघतं. सख्ख्या सासूला ह्या बाईंनी हॉस्पिटलात डबा नेला नाही, आणि बाळासाठी बिनमिठाचं चिकन शिजतं. त्या मला म्हणाल्या, ‘ताई, आपण मांजर निवडत नसतो. मांजर आपल्याला निवडतं.’ डोळे मिटून म्हणाल्या, कीर्तनाला बसल्यासारख्या. मी म्हटलं, मग मी घरी जाऊन बसते, निवडणाऱ्याला माझा पत्ता सांगा. त्या रागावल्या असाव्यात, कारण चहा न विचारता त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं.

मग त्यांच्याच ओळखीतल्या दोन मुली घरी आल्या. रस्त्यावरची मांजरं गोळा करून लोकांना देतात. काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही, पण आव असा की मुलगी द्यायला निघाल्यात. खिडक्यांना जाळी आहे का पाहिलं. स्वयंपाकघर पाहिलं. गॅलरीतून मागची गटारं पाहिली आणि एकमेकींकडे पाहिलं. एकीने विचारलं, ‘आजी, तुमचं वय काय?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘डोन्ट माइंड हां, पण तुमच्यानंतर मांजराचं कोण बघणार?’ लग्नाच्या बाजारात मला कुणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं. दुसरी जरा मऊ होती. तिने विचारलं, तुम्हाला मांजर का हवंय? खरं सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, ‘सोबत.’

हा एक शब्द विधवा बाईने उच्चारला की समोरच्याचं पाणी होतं. मी तो बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे वापरून पाहिलेला आहे. दोघींचेही डोळे भरले. ‘आम्ही तुम्हाला एक छान, प्रेमळ, मांडीवर बसणारं पिल्लू देऊ,’ त्या म्हणाल्या. तिथेच माझं काम बिघडलं. मांडीवर बसणारं पिल्लू मला काय करायचं होतं? मांडीवर बसणारं पिल्लू कुणीही हौसेने ठेवून घेतलं असतं. ही झिपऱ्या मांजरवालीच पहिला हात वर करून म्हणाली असती, ‘ताई, तुम्ही खुशाल जा पुण्याला, मी सांभाळते.’ मला असं मांजर हवं होतं की ज्याला पाहून लोक दोन पावलं मागे सरतील. मी त्यांना विचार करून सांगते म्हटलं आणि बिस्किटं पुढे केली.

शेवटी नंदाखालला गेले. तिथे माझी एक जुनी ख्रिस्ती मैत्रीण राहते. आम्ही एकाच शाळेत वीस वर्षं शिकवलं. ती गणित, मी मराठी. तिची केळीची आणि नारळाची वाडी आहे, आणि वाडीत मांजरं कायम असतात. तिने मला पडवीत बसवलं, घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी पुढे ठेवली आणि टोपलीतली चार पिल्लं आणून दाखवली. पिवळी, डोळे नुकते उघडलेली, अगदी कॅलेंडरवर छापावीत अशी. मी नाक मुरडलं.

‘आता काय झालं?’ ती म्हणाली. ‘ह्यात वाईट काय आहे?’

‘वाईट काहीच नाही, तेच वाईट आहे,’ मी म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं.

ती इतकी हसली की तिच्या सुनेने आतून येऊन बघितलं. मग म्हणाली, ‘अगं, मुलाला सरळ सांग ना, मला यायचं नाही म्हणून. मी नाही सांगितलं माझ्या मुलाला? ये म्हणाला कॅनडाला. मी म्हटलं, जिथे चर्चमध्ये मिस्साला चालत जाता येत नसेल तिथे मी येत नाही. संपलं.’

‘तुझं ठीक आहे,’ मी म्हटलं. ‘तुमच्याकडे एकमेकांच्या तोंडावर बोलतात आणि संध्याकाळी पुन्हा एकत्र जेवतात. आमच्याकडे एकदा तोंडावर बोललं की बारा वर्षं जाणंयेणं बंद होतं.’

‘मग त्या दोघांना काय वाटतं ते तरी कळलंय का तुला? खरंच न्यायचंय त्यांना?’

हा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटला. दर रविवारी बोलावतात, खोली तयार आहे म्हणतात, आणखी काय ढोल वाजवून सांगायचं? गणित शिकवणाऱ्यांना माणसं कळत नाहीत असं मी मनात म्हटलं. ती म्हणाली, ‘बरं बाई. तुला नको असलेलंच मांजर हवं असेल तर पाचूबंदरला जा. तिथे एकेक नमुने आहेत.’

पाचूबंदरला मी सकाळी पोचले तेव्हा बोटी लागलेल्या होत्या आणि लिलावाचा ओरडा चालू होता. मांजरं तर पायात पायात येत होती. मी एखाद्या सासूसारखी त्यांच्यातून फिरले. एक गुबगुबीत होतं, बाद. एक लंगडत होतं, पण दया येईल असं लंगडत होतं, तेही बाद. दया आली की लोक सांभाळायला तयार होतात. एक पायाला अंग घासायला लागलं, त्याला मी पिशवीनेच दूर केलं. मग एका मासळीवालीच्या पाटीमागे, उलट्या घातलेल्या टपावर, ती दिसली. राखाडी, हाडकुळी, डावा कान अर्धा गेलेला. डोळे पिवळे. बाकीची मांजरं तिच्यापासून अंतर ठेवून बसली होती. मी जरा वाकले तर तिने तोंड उघडून सगळे दात दाखवले.

‘ही कुणाची?’ मी मासळीवालीला विचारलं.

‘ती? ती कोनाची नाय,’ ती म्हणाली. ‘तिच्या वाटेला जाऊ नको, ताई. चावते, वरबाडते, सगला करते.’

‘सवयीने निवळेल का?’

‘ही? मी म्हातारी झाले तरी ही नाय निवळनार. तुला पायजे तर त्यातला एखादा पिल्लू ने. हिला कोन नेनार?’

‘हीच द्या,’ मी म्हटलं.

तिने हातातला कोयता खाली ठेवला आणि शेजारणीला हाक मारली. शेजारणीने तिसरीला हाक मारली. माझ्याभोवती चारपाच जणी जमल्या आणि मला वरपासून खालपर्यंत बघून झाल्यावर त्या मांजरीकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, ‘हिच्या घरात उंदीर लय असतील.’ दुसरी म्हणाली, ‘उंदीर काय, मानूस पन नाय राहनार.’ शेवटी दोघींनी मिळून जुनं जाळं टाकून तिला धरली आणि मासळीच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये कोंबून वरून सुतळीने बांधून दिली. रिक्षावाल्याने घरापर्यंत आरशातून क्रेटवरची नजर काढली नाही. मी उतरताना म्हणाला, ‘आजी, पुढच्या वेळी टेम्पो करा.’

मांजर घरी आली आणि सरळ फ्रिजवर गेली. तिथून ती फक्त जेवायला आणि आपले विधी करायला उतरते. मी ताटलीत मांदेली ठेवायची, ती माझ्या हाताकडे बघून गुरगुरायची, मी हात काढला की खायची. कामवालीने पहिल्याच दिवशी सांगितलं, फ्रिज तुम्हीच पुसा. लस द्यायला डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले, दारापासूनच तिला नीट पाहिलं आणि तब्येत उत्तम आहे म्हणाले. झिपऱ्या बाळाची आई एकदा डोकावली, ‘हाय स्वीटी’ म्हणाली आणि फ्रिजवरून आलेला आवाज ऐकून परत गेली. माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. आयोडिन लावताना मी खूश असायची. प्रत्येक ओरखडा म्हणजे पुण्याला न जाण्याची एकेक पावती होती.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मुलगा एकटाच आला. मी रविवारी फोनवर म्हटलं होतं, ‘ये, बोलायचंय जरा.’ तो ‘बरं, येतो’ म्हणाला. न्यायलाच येतोय असं मी धरून चालले. वाक्यं पाठ केली. ‘माझी खूप इच्छा होती रे, पण ह्या मुक्या जीवाला टाकून कशी येऊ? हिला कुणी ठेवून घेणार नाही, आणि तिकडे आणली तर सूनबाईंना त्रास.’ यात कुणाचाच दोष नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक कारण होतं ते.

जेवायला तळलेली सुरमई, सोलकढी केली. तो पाटावर बसतो न बसतो तोच फ्रिजवरून गुरगुर झाली. तो दचकला. मी दोन्ही हात पुढे करून ओरखडे दाखवले आणि पाठ केलेलं सगळं न अडखळता म्हणून टाकलं. इच्छा होती रे, या शब्दांवर आवाजही जरा कापवला.

तो म्हणाला, ‘अगं मग राहू दे ना. उगाच मुक्या प्राण्याचे हाल कशाला?’ आणि सोलकढीची वाटी तोंडाला लावली.

आमच्यात आग्रहाची एक रीत आहे. वाढणारा एकदा ‘घ्या’ म्हणतो, जेवणारा हात आडवा धरतो. वाढणारा पुन्हा म्हणतो, हात पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा तो जो रेटतो, त्याला आग्रह म्हणतात. एकदाच विचारून पातेलं उचलून नेलं तर ते तोंडदेखलं झालं, हे लहान मुलालाही कळतं. मी हात आडवा धरून बसले होते. तो दुसऱ्यांदा काही म्हणेना. सुरमईचा काटा काढत बसला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मीच मग म्हटलं, ‘तुम्ही बिचाऱ्यांनी खोलीसुद्धा तयार ठेवली होती.’

‘ती ना?’ तो म्हणाला. ‘तिथे तिच्या आई आहेत. दसऱ्याला आल्या त्या राहिल्याच. पोरालाही आता त्यांचीच सवय झालीये.’

दसऱ्याला. आणि दिवाळीत, दिवाळीनंतर, दर रविवारी ‘तुमची खोली तयार आहे’ चाललं होतं. विहीणबाई त्या वेळी बहुधा शेजारच्याच खोलीत, माझ्या कॉटवर, बसल्या असतील.

‘आणि मी हो म्हटलं असतं तर?’

‘तू कशाला हो म्हणतेस?’ तो हसला. काही लपवल्यासारखंही त्याच्या तोंडावर दिसेना, इतका निवांत होता. ‘दर वेळी तुझं काहीतरी असतंच की. डोळा, गच्ची. आम्हाला कळतं गं. पण विचारायला तर हवं. नाहीतर तुलाच वाईट वाटलं असतं. आता ही आहे तर बरंच झालं, आमचीही काळजी मिटली. भात वाढ थोडा.’

मी भात वाढला. दुसरं काय करणार? जे हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. घर माझं, वसई माझी, कुणाचं मन दुखावलं नाही, भांडण नाही, बारा वर्षं जाणंयेणं बंद होण्याचं कारण नाही. आनंदाने फुगडी घालायला हवी होती. पण मला संताप आला होता. दोन वर्षं मी ज्याच्याशी लढत होते तो समोर उभाच नव्हता. मी भिंतीआडून दगड मारत होते आणि पलीकडचे लोक केव्हाच उठून जेवायला गेले होते. बागेतल्या त्या दहाबारा जणी निदान खुंट्याला बांधलेल्या तरी होत्या. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाच जास्त राग आला.

तो संध्याकाळी निघाला. दारात बूट घालताना म्हणाला, ‘मांजरीला जप.’ स्वतःला जप म्हणायला त्याची जीभ सवयीने वळत असावी, पण मध्येच मांजर आली.

पुढच्या रविवारी फोन आला. मुलगा, सून, नातू, आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून विहीणबाईसुद्धा, माझ्या नातवाला मांडीवर घेऊन. त्यांनी मला नमस्कार केला, मी केला. तब्येत झाली, थंडी झाली, कामवाली झाली. सून म्हणाली, ‘आई, मांजर दाखवा ना.’ मी फोन फ्रिजकडे धरला. सगळे एकदम ‘ओऽऽ’ म्हणाले. दात दाखवत होती ती, आणि हे म्हणे ‘किती गोड’. मग मुलगा म्हणाला, ‘चल आई, ठेवू?’

नेहमी या जागी दुसरं वाक्य असायचं. मी फोन धरून थांबले. तो परत म्हणाला, ‘ठेवू ना?’

आणि मी, जिने जन्मात घरच्या माणसाशी सरळ वाक्य बोलायचं टाळलं, ती बोलून गेले. ‘अरे, येतेस का म्हणून विचार तरी. मी नाहीच म्हणणार आहे. पण विचार.’

ते सगळे हसले. सून म्हणाली, ‘आई ना, एकेक बोलतात,’ आणि नातवाचा हात धरून तिने त्याला मला टाटा करायला लावलं.